हात लावायचा नाही

संस्थेत तिला सगळे 'भोकवाली' म्हणत. तोंडावर मॅडम, पाठ वळली की भोकवाली. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही येत नसे, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. शिक्षण संपल्यापासून तिने एकच काम केलं होतं: माणूस जिथे जाऊ शकत नाही तिथल्या जमिनीत भोक पाडणारं यंत्र बनवायचं. नवरा दातांचा डॉक्टर. "आमच्या घरात दोघांचा धंदा एकच," तो पाहुण्यांना सांगायचा, "फक्त माझी गिऱ्हाइकं ओरडतात."

भोक कशासाठी पाडायचं, हे ती कुणालाही चहा संपायच्या आत समजावून देई. मंगळाच्या वरच्या मातीवर अब्जावधी वर्षं किरणांचा मारा चाललाय. तिथे कधीकाळी काही जिवंत असलंच, तरी त्याच्या खुणा पृष्ठभागावर टिकणं कठीण. बघायचं तर खाली बघायला हवं. शिवाय खाली बर्फ आहे. उद्या माणसं तिकडे जाणार असतील तर सगळं पाणी इथून वाहून नेणं परवडायचं नाही, ते तिथेच उपसावं लागणार. म्हणजे पाण्यासाठी भोक आणि जीवसृष्टीसाठीही भोक. यान, हवाई छत्र्या, गाडी, कॅमेरे हा सगळा लवाजमा तिच्या मते ड्रिलला जागेवर पोहोचवण्यासाठी होता. हे ती उघडपणे बोलत नसे. बाकीच्या विभागांची माणसंही त्याच उपाहारगृहात जेवायची.

मंगळाची मोहीम ठरली तेव्हा संचालकांनी मोठी बैठक बोलावली. प्रश्न एकच होता. थेट मंगळावर जायचं, की आधी चंद्रावर तालीम करायची?

भूगर्भशास्त्रज्ञ उभे राहिले. त्यांना सगळे दगडोबा म्हणत, आणि तेही ते नाव मिरवत. "चंद्र वेगळा, मंगळ वेगळा," ते म्हणाले. "चंद्रावर हवा नाही, मंगळावर विरळ का होईना, आहे. माती वेगळी, थंडी वेगळी. चंद्रावर पास झालेलं यंत्र मंगळावर नापास होऊ शकतं. मंगळाची वाट सव्वीस महिन्यांतून एकदा उघडते. तालमीच्या नादात ती हुकायची."

"माती वेगळी आहे, मान्य," भोकवाली म्हणाली. "पण मला मातीची भीती नाही. मला आपली भीती आहे."

बैठकीतल्या माना तिच्याकडे वळल्या.

"आपली म्हणजे?" संचालकांनी विचारलं.

"सर, मंगळ लांब असतो तेव्हा तिथला निरोप इथे यायला वीस मिनिटं लागतात. आपलं उत्तर तिथे जायला आणखी वीस. ड्रिल अडकलं हे आपल्याला कळेपर्यंत तिथे जे व्हायचं ते होऊन गेलेलं असणार. म्हणजे यंत्राला स्वतःच ठरवता आलं पाहिजे. आणि आपण यंत्राला ठरवू देतच नाही. तळघरातल्या निर्वात टाकीतल्या चाचण्या आठवा. जरा कुठे अडखळलं की आपण चौघं बटणांवर तुटून पडतो."

"मग चंद्रावर काय वेगळं होणार?" दगडोबा म्हणाले. "चंद्र तर एका हाकेवर. सेकंदभरात निरोप पोहोचतो. तिथे तर आपण जास्तच लुडबुड करू."

"म्हणूनच चंद्रावर जाऊन मंगळावर असल्यासारखं वागायचं. 'खण' म्हणून सांगायचं आणि हात खिशात घालायचे."

लोक हसले. संचालक हसले नाहीत. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "ठरलं. चंद्र आधी. आणि एकदा खणायला सांगितलं, की हात लावायचा नाही. कुणीही. मीसुद्धा."

ते वाक्य कुणीतरी नियंत्रण कक्षातल्या पांढऱ्या फळ्यावर लिहून टाकलं, आणि पुढे ते पुसायची कुणाची छाती झाली नाही.

यंत्राचा मेंदू आजोबाने लिहिला. आजोबा म्हणजे प्रोग्रामर. वय चाळिशीच्या आतलं, पण केस ऐन पंचविशीत पांढरे झाले, तेव्हापासून तो अख्ख्या संस्थेचा आजोबा. त्याने आणखी एक गंमत केली. चंद्राकडून येणारी माहिती आधी एका संगणकात अडकवून ठेवायची आणि वीस मिनिटांनीच पडद्यावर सोडायची, अशी सोय केली. शिवाय मंगळावरून येतील तेवढेच मोजके आकडे दाखवायचे: खोली, मोटर, बॅटरी. बाकी काही नाही. त्या संगणकाला लोक कोंडवाडा म्हणू लागले. कोंडवाड्याचं दार उघडायचा अधिकार आजोबाकडे होता, आणि तोही फक्त संचालकांच्या हुकुमावरून.

मग वर्षभर त्यांनी एकामागून एक ड्रिलं मोडली. तळघरात एक निर्वात टाकी होती. तिच्यात चंद्रासारखी कोरडी भुकटी बर्फात मिसळून हाडं गोठवणाऱ्या थंडीत ठेवायची आणि तिच्यात भोक पाडायचं. अडचण दरवेळी तीच. घासल्याने टोक तापतं, थोडा बर्फ वाफ होऊन वर निघतो, आणि दांडीच्या थंड भागावर पुन्हा गोठतो. भोकातला चुरा आणि दांडी जणू सिमेंटने जोडले जातात. ओढलं तर दांडी तुटते. ठोकलं तर टोक तुटतं.

"माझ्याकडे तर मी एका दमात कधीच खणत नाही," एकदा जेवताना नवरा म्हणाला. "टेकवायचं, उचलायचं, टेकवायचं, उचलायचं. दात तापला की संपलं."

दुसऱ्या दिवशी तिने यंत्राला तसंच शिकवलं, आणि मोडतोड निम्म्यावर आली. उरलेली निम्मी आजोबाने वाया जाऊ दिली नाही. प्रत्येक वेळी तुटण्याआधी मोटरला काय जाणवलं, दांडी किती ताणली, ठोका कसा परत आला, हे सगळं तो यंत्राच्या पोटात भरत गेला. तुटलेली टोकं कपाटात ओळीने मांडली होती. "आपल्या लेकराचे संस्कार," तो त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणे.

अडकलं तर काय करायचं, याचा क्रमही दोघांनी बसवला. आधी हलकेच ओढायचं. मग बारीक ठोके. मग दांडीतला हीटर लावून तापवायचं. काहीच जमलं नाही तर दांडी तिथेच सोडून गाडी उन्हात परत आणायची. मात्र हा क्रम बदलायची मुभा त्यांनी यंत्राला दिली होती. द्यायलाच हवी होती, नाहीतर सगळा खटाटोप कशाला?

गाडी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरली तेव्हा टाळ्या वाजल्या, पेढेवाटपासारखा आनंद झाला, पण भोकवाली तेवढ्याने हुरळली नाही. तिचं काम अजून सुरूच व्हायचं होतं. गाडी चालवणारी मुलगी हुशार होती, तिला सगळे सारथी म्हणत. विवराच्या उजळ काठावर बॅटरी पूर्ण भरून घेऊन तिने गाडी उतारावरून खाली, जिथे सूर्य कधीच पोहोचत नाही अशा सावलीत आणली. दगड चुकवत, चाक घसरलं की थांबत. गाडी ठरल्या जागी उभी राहिली तशी तिने दोन्ही हात वर केले. "मॅडम, सांभाळा तुमचं बाळ."

त्या संध्याकाळी सासूबाईंनी ताट वाढताना विचारलं, "उद्याच ना गं ते?"

"हो आई, उद्या सकाळी."

"एवढं लांब जाऊन भोक पाडायचं, आणि पाडताना बघायचं नाही?"

"बघायचं की. पण वीस मिनिटं उशिरा."

"मग ते बघणं कसलं? शेजारणीने सांगितल्यासारखंच झालं." त्यांनी तिच्या पानात आणखी भात वाढला. "पोटभर जेव. उद्या तुझ्या घशाखाली घास उतरायचा नाही."

सासूबाईंचं खरं ठरलं. सकाळी कक्षात नाश्त्याचे डबे उघडले गेले, पण तिने नुसता चहा घेतला. संचालक मागच्या रांगेत येऊन बसले. सारथी आपल्या जागेवर, रिकाम्या हातांनी. आजोबा कोंडवाड्यापाशी.

"सांग त्याला," ती म्हणाली.

आजोबाने एक कळ दाबली. "खण."

जाणारा हुकूमही वीस मिनिटं कोंडवाड्यात बसला, मग गेला, आणि वरून आलेला पहिला आकडा आणखी वीस मिनिटांनी पडद्यावर उमटला. टोक मातीत शिरलं होतं. टेकवायचं, उचलायचं, टेकवायचं, उचलायचं. खोलीचा आकडा हळूहळू वाढत होता. वीतभर झालं तेव्हा दगडोबांनी चुटकी वाजवली. हातभर झालं तेव्हा मोटरवरचा भार एकदम चढला.

"बर्फ लागला," दगडोबा पुटपुटले. त्यांचा आवाज बदलला होता.

आणखी चार बोटं. मग खोलीचा आकडा थांबला. मोटरवरचा भार क्षणभर उसळला, एक हलकी ओढ दिसली, आणि मोटर शून्यावर आली.

"अडकलं," सारथी म्हणाली.

"हो. पहिली ओढ झाली," भोकवाली म्हणाली. "आता ठोके येतील."

ठोके आले नाहीत. मोटर शून्यावरच राहिली. खोली जिथल्या तिथे. एकच आकडा हलत होता, आणि तो नको त्या दिशेने. बॅटरी उतरत होती.

दहा मिनिटं तशीच गेली. मग सगळेच बोलू लागले. मोटर बंद असताना बॅटरी जाते कुठे? कुठेतरी तार उघडी पडली असेल. थंडीने काहीतरी तडकलं असेल. अशीच गळत राहिली तर चढ चढून उन्हात परत यायला ताकद उरणार नाही, आणि मग ड्रिलच काय, अख्खी गाडी कायमची अंधारात. तिच्यावर इतर पाच विभागांची उपकरणं होती, त्यांचं काम अजून बाकी होतं.

"हीटर असेल," भोकवाली म्हणाली.

आजोबा पांढऱ्या केसांतून हात फिरवत म्हणाला, "पण ठोक्यांआधी हीटर? आपल्या क्रमात नाही तसं."

"क्रम बदलायची मुभा दिलीय आपण."

"दिलीय. पण टाकीत त्याने तसं कधी केलं नव्हतं."

संचालक उठून पुढे आले. शांत माणूस, पण कपाळावर घाम होता. "मॅडम, हीटरच आहे, याची खात्री आहे तुम्हाला?"

इथे खोटं बोलता आलं असतं.

"नाही सर. खात्री नाही. तार तुटली असेल तरी आकडे असेच दिसतील."

"मला गाडी गमावता येणार नाही." ते आजोबाकडे वळले. "कोंडवाडा उघडा. काय चाललंय ते आत्ता बघू. सारथी, तयार राहा. गरज पडली तर ओढून काढायचं."

सारथीचे हात आपोआप पुढे सरकले. आजोबाचं बोट कळीजवळ गेलं आणि तिथेच थांबलं. त्याने भोकवालीकडे पाहिलं.

"सर, एक मिनिट," ती म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "उघडलं तर काय होईल ते सांगते. आपण धावत जाऊ आणि बहुतेक सोडवूसुद्धा. म्हणजे आज आपल्याला कळेल की माणसं यंत्राला सोडवू शकतात. ते आपल्याला आधीपासूनच माहीत आहे. यंत्र स्वतःला सोडवू शकतं का, हे कळायचा हा एकच दिवस आहे. पुढच्या वेळी हाच प्रश्न मंगळावर पडेल, आणि तिथे आपल्याकडे उघडायला दार नसेल."

"आणि गाडी गेली तर?"

"तर मी यंत्र बरोबर बनवलं नाही, असं ठरेल. मग ते मंगळावर पाठवूच नका. मीच सांगेन, नका पाठवू."

पडद्यावर बॅटरीचा आकडा आणखी खाली आला.

"शिवाय सर," आजोबा हळूच म्हणाला, "हे जे आपण बघतोय ते शिळं आहे. वर निकाल लागूनही गेला असेल. आणि परत यायला लागेल तेवढी बॅटरी दाखवणाऱ्या त्या लाल रेघेची जाणीव त्यालाही आहे. तिच्याखाली जायच्या आत दांडी सोडून निघायचं, हे त्याच्या अंगी पक्कं भिनवलंय."

संचालकांची नजर फळ्यावर गेली. तिथलं वाक्य त्यांचंच होतं. त्यांनी खुर्ची ओढली, बसले आणि म्हणाले, "बसा सगळे. सारथी, हात मांडीवर."

पुढचा वेळ भोकवाली आयुष्यात विसरणार नव्हती. ती बसली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली आणि डोळे मिटून, आपण यंत्राच्या जागी असतो तर काय केलं असतं याचा विचार करू लागली. ओढून बघितलं. दांडी ताणली, पण चुऱ्याचा एक कणही सरकला नाही. याचा अर्थ चुरा नुसता दाटलेला नाही, गोठलाय. गोठलेल्या चुऱ्यात ठोके दिले तर? तिच्या डोळ्यांपुढे तळघरातलं ते कपाट आलं. टोक तुटतं. दरवेळी तुटतं. मग शहाण्याने ठोकावंच का?

तिने डोळे उघडले. "ते ठोकणार नाही," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "टाकीत ठोकून जे जे मोडलं, ते सगळं त्याला आठवतंय. ते तापवतंय."

बॅटरी लाल रेघेच्या अगदी जवळ येऊन ठेपली होती. सारथीने ओढणीचं टोक बोटाला गच्च गुंडाळलं होतं.

मोटरचा आकडा हलला.

इतका थोडा, की आधी कुणाचा विश्वासच बसला नाही. पुन्हा हलला. दांडी उलटी फिरत होती, हळू, अगदी हळू, किल्ली अडकलेल्या कुलुपात फिरवतात तशी. मग खोलीचा आकडा एका बोटाने कमी झाला. मग दोन बोटांनी.

"वर येतंय!" दगडोबा ओरडले. "वर येतंय हो!"

दांडी वीतभर वर आली, जरा थांबली, चुरा झटकला, आणि पुन्हा खाली निघाली. टेकवायचं, उचलायचं. जिथे अडकली होती ती जागा ओलांडली आणि पुढे गेली. आता ती दरवेळी थोडंच खणत होती आणि जास्त वेळ थांबत होती. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

कक्षात काय गोंधळ झाला त्याचं वर्णन करणं अवघड आहे. कुणी टेबल बडवत होतं, कुणी कुणाला मिठी मारत होतं. आजोबा खुर्चीवर उभा राहून आपल्याच डोक्यावर थापा मारत होता. "संस्कार! याला म्हणतात संस्कार!" संचालकांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला.

ठरल्या खोलीपर्यंत दांडी पोहोचली, मातीचा नमुना नळीत भरून वर आली आणि गाडीच्या पोटात सुखरूप बसली. बॅटरी लाल रेघेच्या जेमतेम वर होती. गाडीने स्वतःच तोंड वळवलं आणि आल्या वाटेने चढ चढायला लागली. मग पडद्यावर बॅटरीचा घसरलेला आकडा पुन्हा चढायला लागला. ऊन.

मग संचालक म्हणाले, "आता तरी कोंडवाडा उघडा," आणि सगळी राखून ठेवलेली माहिती एकदम पडद्यावर सांडली. त्यात यंत्राने स्वतःसाठी लिहिलेली एक कोरडी ओळ होती: दांडी बर्फाने धरली, ठोके धोक्याचे, तापवत आहे. आजोबाने ती मोठ्याने वाचली. मग पुन्हा एकदा वाचली.

सारथी भोकवालीजवळ येऊन उभी राहिली. "मॅडम, खरं सांगू? मी असते तर ओढलं असतं. सगळा जोर लावून."

"मीही ओढलं असतं," भोकवाली म्हणाली. "म्हणून तर आपले हात बांधून ठेवले."

थोड्या वेळाने नमुन्याचा फोटो आला. राखाडी मातीच्या गजात पांढऱ्या रेघा, गाडीच्या दिव्यात चमकणाऱ्या. कधीच सूर्य न पाहिलेला बर्फ. दगडोबा पडद्याच्या इतके जवळ गेले की मागच्यांना दिसेना. "बाजूला व्हा हो," कुणीतरी म्हणालं, पण ते हलले नाहीत. मान न वळवताच ते म्हणाले, "मॅडम, चंद्र आधी म्हणालात ते बरं केलंत. माझे शब्द मी परत घेतो."

"सगळे नका घेऊ. माती खरंच वेगळी आहे तिकडची. तिथे मला तुम्ही लागणार."

तिने बाहेर येऊन नवऱ्याला फोन लावला. तो दवाखान्यात होता, मागे कुणीतरी तोंड उघडं ठेवून आ आ करत होतं.

"सुटलं," ती म्हणाली.

"सुटलं? आपोआप?" आणि मग तो दवाखान्यातच एवढ्या मोठ्याने ओरडला, की पेशंटने घाबरून तोंड मिटलं. "अहो, तुम्हाला नाही! माझ्या बायकोने चंद्रावर भोक पाडलं! उघडा, उघडा तोंड, तुमचं तर काहीच नाही त्यापुढे."

ती कॉरिडॉरमध्ये एकटीच हसत सुटली, डोळे पुसत पुसत हसत राहिली.

आत आली तेव्हा सकाळचे डबे कुणीतरी पुन्हा उघडले होते आणि माणसं उभ्याउभ्याच खात होती. संचालकांनी मधलं टेबल रिकामं करून त्यावर मंगळाचा मोठा नकाशा पसरला होता. कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवलेले.

"मंगळाची वाट उघडायला फार दिवस उरलेले नाहीत," ते म्हणाले. "यंत्र जाणार, हे आज ठरलं. आता बोला, उतरायचं कुठे?"

दगडोबांनी लगेच एका जुन्या नदीच्या मुखावर बोट ठेवलं. "इथे. गाळ आहे. काही जगलं असेल तर इथेच."

"तिथे उतार बघा केवढा," सारथी म्हणाली. "मला उत्तरेकडचं मैदान द्या. तिथे बर्फ वरच आहे."

"मैदानात गाळ कुठाय?"

"नदीपाशी बर्फ कुठाय?"

बघता बघता वाद रंगला. भोकवालीने कुणाच्या तरी डब्यातून एक घास उचलला, मग दुसरा. तिला आता कडाडून भूक लागली होती. तोंडातला घास संपवून ती दोघांच्या मधून पुढे घुसली आणि नकाशावर वाकली.

"कुठेही उतरा," ती म्हणाली, "पण या वेळी मला दुप्पट खोल जायचंय."